थंडीवाऱ्यात पिंपभट्टीची ऊब कशी टिकवावी

डिसेंबर-जानेवारीत जालन्याच्या आसपासच्या शिवारांत हुरड्याच्या आगट्या पेटतात. शहरात, विशेषतः नवीन जालन्यातल्या गच्च्यांवर, कोळशावर काहीतरी भाजून खाण्याचे बेत ठरतात. नेमकी याच दिवसांत पिंपभट्टी हट्टाला पेटते. उन्हाळ्यात निमूटपणे चार-पाच तास एकसारखी चालणारी भट्टी जानेवारीच्या संध्याकाळी तापतच नाही. काटा ९० अंशांवर अडून बसतो. मग आपण कोळसा वाढवतो, खालून हवा जास्त सोडतो, आणि अर्ध्या तासाने तोच काटा १८० वर जातो. मटण बाहेरून काळं आणि हाडापाशी कच्चं राहतं.

दोष बहुतेक वेळा कोळशाचा नसतो, भट्टी बनवणाऱ्याचाही नसतो. भट्टीची उष्णता वाटेत निघून जात असते. ती वाट बंद केली की त्याच भट्टीत, उलट कमी कोळशात, काम होतं. हे कसं करायचं ते एकेक पायरीने पाहू. वेल्डिंग येत नसलं तरी यातलं बरंचसं काम घरी जमण्यासारखं आहे.

आधी पिंपभट्टी म्हणजे काय ते सांगतो. २०० लिटरचं लोखंडी पिंप उभं ठेवायचं. तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, वरच्या बाजूला अन्न ठेवायची जाळी, त्यावर झाकण. तळाजवळ हवा आत घेणारं भोक आणि झाकणात धूर बाहेर सोडणारं भोक, म्हणजे धुराडं, दोन्हींना कमी-जास्त उघडता येणाऱ्या झडपा. दुकानात अशी तयार भट्टी ‘स्मोकर’ या नावाने मिळते. तिच्यात अन्न ज्वाळेवर भाजत नाही. ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या गरम, धुरकट हवेत सावकाश शिजतं. अख्खी कोंबडी, मटणाची रान, पनीर, रताळी, भरताची वांगी, सगळं तिच्यात होतं.

आता उष्णता कुठे जाते ते पाहू. समजा आत १२० अंश हवेत. मे महिन्यात बाहेर ४० असेल तर आतबाहेरचा फरक ८० अंशांचा. जानेवारीच्या रात्री बाहेर १० असेल तर फरक ११० अंशांचा. उष्णता जवळपास या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे निव्वळ थंडीमुळे गळती एक तृतीयांशाहून थोडी जास्त वाढते. एवढी वाढ थोडा जास्त कोळसा घालून भरून काढता आली असती. खरा घोळ वारा करतो.

वारा दोन वाटांनी त्रास देतो. तापलेल्या पत्र्याला लागून गरम हवेचा एक पातळ थर असतो आणि तो पत्र्याला थोडं तरी झाकतो. वाऱ्याने हा थर सतत पुसला जातो. पहाटे स्कूटरवर निघालं की त्याच हवेत जास्त गारठायला होतं, तोच हा प्रकार. दुसरी वाट जास्त घातक आहे. वारा खालच्या झडपेतून, झाकणाच्या फटीतून आत शिरतो आणि हवेवरचं आपलं नियंत्रण काढून घेतो. एका झुळकीत निखारे फुलतात, पुढच्या मिनिटाला मंदावतात. काटा वरखाली नाचतो तो यामुळे.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी वारा अडवायचा, मग फटी बुजवायच्या, मग अंग गुंडाळायचं, आणि सगळ्यात शेवटी हवा आणि कोळसा कमी करायचा. बरेच जण थेट गुंडाळण्यापासून सुरुवात करतात आणि वारा तसाच राहू देतात. अशाने पैसे जातात आणि काटा नाचतच राहतो.

हुरड्याची आगटी हा क्रम फार पूर्वीपासून पाळते. शेतात लहानसा खड्डा करतात, त्यात गोवऱ्या पेटवतात, आणि आर तयार झाला की ज्वारीची कणसं त्यात खुपसतात. उघड्या रानात वारा असला तरी आगटी धगधगत राहते, कारण आग जमिनीच्या पातळीखाली असते. चहूबाजूंची माती वारा अडवते आणि वरची राख धग धरून ठेवते. गच्चीवर आपल्याला खड्डा करता येत नाही, म्हणून तेच काम वेगळ्या वस्तूंकडून करून घ्यायचं.

पिंप नवं घडवून घेणार असाल तर निवडीकडे लक्ष द्या. भंगारात पिंपं स्वस्त मिळतात, पण त्यांत आधी काय भरलेलं होतं हे कळायलाच हवं. औषधांचं, रसायनांचं, कीटकनाशकांचं पिंप कितीही धुतलं, जाळलं तरी अन्नासाठी घेऊ नये. खाद्यतेलाचं पिंप घ्यावं. आतला रंग किंवा लेप मोकळ्या जागी जोरदार आग पेटवून पूर्ण जाळून टाकावा, मग घासून आतून खाद्यतेलाचा हात फिरवावा. कोळशाची टोपली आणि अन्नाची जाळी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची किंवा तारेची नको. निखाऱ्यांच्या धगीने जस्ताची वाफ होते आणि ती विषारी असते. बाहेरच्या आवरणाला मात्र तोच पत्रा चालतो, कारण तिथे तेवढी धग पोचत नाही.

पहिली पायरी जागेची. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो; पण खेटून उभ्या असलेल्या घरांमध्ये तो कुठून वळून येईल हे गल्लीगल्लीवर ठरतं. म्हणून संध्याकाळी, ज्या वेळी भट्टी लावणार त्याच वेळी, एक उदबत्ती पेटवून गच्चीवर फिरा. पिंपाच्या उंचीवर, म्हणजे साधारण तीन फुटांवर, ती धरा. धूर जिथे सरळ वर जातो ती जागा पक्की. जिन्याच्या खोलीच्या आडोशाला अशी जागा बहुतेक वेळा सापडते. कठड्याचा कोपराही बरा, पण तिथे धूर कधीकधी गोल फिरतो, म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नका. प्लास्टिकची पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या यांपासून मात्र दूर.

पिंप थेट स्लॅबवर किंवा फरशीवर ठेवू नये. फरशी तडकते, तिच्याखालचा गळतीरोधक थर खराब होतो आणि पुढच्या पावसाळ्यात छत गळतं. खाली विटांचा एक थर द्या, त्यावर दोन-तीन इंच कोरडी वाळू, आणि त्यावर पिंप. तळाखालून वाहणारा वाराही याने थांबतो. तळाचं काम एवढंच; पुढे टोपलीखाली राख साठते ती तळाला आपोआप झाकते.

दुसरी पायरी आडोशाची. इथे एक गोष्ट उलटी वाटेल: घट्ट, सलग भिंतीपेक्षा थोडी झिरपणारी आड जास्त चांगलं काम करते. सलग पत्रा लावला की वारा त्याच्यावरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली उतरतो, नेमका भट्टीच्या झाकणावर. बीजोत्पादनाच्या शेतांत उभी असते तशी पन्नास टक्के सावलीची शेडनेट दुहेरी न करता ताणून बांधली, तर तिच्यातून वारा गाळून, मंद होऊन येतो. ही जाळी प्लास्टिकची असते, म्हणून ती भट्टीपासून किमान सहा-सात फूट लांब, वाऱ्याच्या बाजूला बांधायची.

भट्टीजवळ आडोसा हवाच असेल तर तो न जळणाऱ्या वस्तूचा हवा: विटांची कोरडी रचलेली भिंत किंवा लोखंडी पत्रा, पिंपापासून फूट-दीड फूट अंतर सोडून, आणि उंची पिंपापेक्षा थोडी जास्त. तीन बाजू बंद, चौथी मोकळी. मोकळी बाजू वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला.

आडोशासाठी हाताला जे मिळेल ते लावण्याचा मोह होतो, तो इथे आवरावा. फ्लेक्सचे जुने बॅनर, ताडपत्री, पुठ्ठे, थर्माकोल यांतलं काहीही भट्टीजवळ नको; एक ठिणगी पुरते. सिमेंटचे जुने पत्रेही नकोत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज असतं. पत्रा कापला, फोडला की ते तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यातून कित्येक वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडी कितीही असो, भट्टी आत आणायची नाही. जिन्याच्या बंद खोलीत, शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये, चारी बाजूंनी ताडपत्री सोडलेल्या मांडवात कोळसा पेटवायचा नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे अशीच दगावतात. आडोशाची चौथी बाजू मोकळी ठेवायला सांगितलं ते याचसाठी; वरचं आकाशही मोकळंच हवं. विझत आलेली भट्टीसुद्धा घरात घेऊ नये. राखेखालचे निखारे तोच वायू सोडत असतात.

तिसरी पायरी फटींची. भट्टी पेटवा, झाकण लावा आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरा. धूर वरच्या धुराड्याखेरीज जिथून जिथून निघतो त्या सगळ्या फटी खडूने खुणावून ठेवा. बहुधा झाकणाची कड, असल्यास बाजूचं दार आणि थर्मामीटरसाठी पाडलेलं भोक ही ठिकाणं निघतात. फट लहान दिसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष नको. झाकणाकडून गरम हवा निघून गेली की तेवढीच थंड हवा खालून ओढली जाते, आणि झडप बंद करूनही निखारे फुलत राहतात.

झाकणाच्या कडेला भट्टीच्या दारांना लावतात ती काचतंतूंची जाड दोरी बसवता येते. ती हातात नसेल तर आपल्याकडचा जुना उपाय आहेच. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला दमची बिर्याणी नवी नाही. हंडीच्या कडेला कणकेची वळकटी लावून झाकण बसवतात तशीच ती पिंपाच्या कडेला लावा. १२० अंशांना कणीक कडक होऊन घट्ट बसते. एका स्वयंपाकापुरतं हे उत्तम काम देतं. मधे झाकण उघडावं लागणार असेल तर मात्र दोरीच बरी.

चौथी पायरी अंग गुंडाळण्याची. इथे थोडं सविस्तर बोलू, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

तीन-चार वस्तूंमधून निवड करायची असते. सगळ्यात सोपं वेल्डिंग ब्लँकेट, म्हणजे ठिणग्यांपासून बचावासाठी वेल्डर लोक वापरतात ते काचतंतूंचं जाड कापड. पिंपाभोवती गुंडाळून तारेने बांधायचं, काम झालं की घडी घालून ठेवायचं. कायमचं काही करायचं नसेल, वर्षातून चार-सहा वेळाच भट्टी लागत असेल, तर मी हेच सुचवेन. ऊब थोडी कमी धरतं, पण वारा पत्र्याला शिवू देत नाही.

दुसरी वस्तू रॉकवूल, म्हणजे खडक वितळवून काढलेल्या तंतूंची गादी. तिचे तंतू सहाशे अंशांनाही टिकतात. मात्र तंतू धरून ठेवणारा चिकटा पहिल्यांदा तापताना जळतो आणि वास सुटतो, म्हणून पहिल्या एक-दोन वेळा भट्टी रिकामी तापवावी, अन्न ठेवू नये.

तिसरी वस्तू सिरॅमिक ब्लँकेट. दिसायला पांढऱ्या कापसाच्या चादरीसारखी, पण १२६० अंशांपर्यंतची धग सोसणारी. जालन्यात पोलादाचे इतके कारखाने आहेत की ही वस्तू आणि ती बसवणारे हात दोन्ही इथे अनोळखी नाहीत. रोलिंग मिलमध्ये लोखंडाचे ठोकळे लाटण्याआधी अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवतात, आणि अशा भट्ट्यांची धग आत राखण्यासाठी उष्णतारोधक विटा आणि अशी ब्लँकेटं अस्तराला वापरतात. आपल्या पिंपाला तिची सगळी ताकद लागणारही नाही; २५ मिलिमीटर जाडीचा एकच थर भरपूर झाला. उघड्या पत्र्यातून जेवढी उष्णता गेली असती तिचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच एवढ्या थरातून बाहेर जातो.

पण याच ब्लँकेटच्या बाबतीत दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. त्याचे बारीक तंतू श्वासात जाणं फुप्फुसांना घातक आहे, कर्करोगाची शक्यताही सांगितली जाते. म्हणून कापताना चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे हवेत, काम उघड्यावर करावं आणि मुलांना लांब ठेवावं. दुसरं, कारखान्यातल्या भट्टीतून काढलेलं जुनं ब्लँकेट फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. फार काळ फार तापलेल्या तंतूंचं एका स्फटिकात रूपांतर होतं. ते हाताळताच चुरा होऊन उडतात आणि नव्यापेक्षा जास्त अपायकारक ठरतात. नवंच घ्या, आणि ते पिंपाच्या बाहेरूनच लावा. आत, अन्नाच्या बाजूला, यांतलं कुठलंच तंतूंचं अस्तर कधीही नको.

ज्यांना तंतूंच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी राख आहे. कोरडी चाळलेली राख उष्णता चांगली अडवते. पिंपाभोवती त्याच्याहून तीन-चार इंच रुंद असा पत्र्याचा गोल उभा करायचा आणि मधल्या जागेत राख भरायची. नर्सरीत कुंड्यांसाठी मिळतो तो परलाइट भरला तर वजनही कमी होतं. चिखलात गव्हाचा भुसा कालवून केलेला लेपही चालतो, पण पत्रा तापला की फुगतो, चिखल फुगत नाही, आणि लेप सुटून पडतो. आधी कोंबड्यांच्या खुराड्याची तारजाळी गुंडाळून तिच्यावर लेप दिला तर तो भेगाळला तरी धरून राहतो.

आता बांधणी. पिंपाचा घेर साधारण १८० सेंटिमीटर असतो. ब्लँकेट त्याहून दहा सेंटिमीटर जास्त लांब कापा, म्हणजे टोकं एकमेकांवर चढतील. खालची झडप, दार, थर्मामीटर आणि मुठी यांच्या जागा आधी कागदावर काढून घ्या. झडपेभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. गुंडाळण्याच्या घाईत झडपेचा दांडा आत दाबला जातो आणि मग हवा कमी करायला हातच पोचत नाही.

ब्लँकेट तारेने बांधताना आवळू नका. त्याच्या आत अडकलेली हवाच उष्णता अडवते. दाबून निम्मं केलं तर निम्मा फायदा गेला. वरून पातळ पत्र्याचं आवरण चढवा, पण त्याची टोकं रिव्हेटने पक्की जोडू नका. १०० अंश तापमान वाढलं की १८० सेंटिमीटरच्या लोखंडी घेरात दोन मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. टोकं एकावर एक सरकती ठेवून स्प्रिंगने किंवा लांब बोल्टने धरली तर आवरण फुगत-आखडत राहतं, फाटत नाही.

आवरणाची वरची कड सगळ्यात नाजूक. तिथून दव आणि पाणी आत उतरतं. ओलं झालेलं ब्लँकेट उष्णता अडवायचं सोडून ती पाणी वाळवण्यात घालवतं, आणि आतल्या बाजूने पिंपही गंजतं. पत्र्याची दोन इंच झालर वरून बाहेरच्या बाजूला उतरती वाकवून घ्या आणि सांध्यात भट्टीला लावतात तो उष्णतारोधक मसाला भरा. तळाशी मात्र आवरण थोडं उघडं ठेवा, म्हणजे शिरलेला ओलावा निघून जाईल.

पाचवी पायरी झाकणाची. गरम हवा वर गोळा होते आणि झाकण सपाट, आकाशाकडे तोंड केलेलं असतं. अंग छान गुंडाळून झाकण उघडं ठेवलेल्या भट्ट्या बऱ्याच दिसतात. झाकणावर त्याच ब्लँकेटची चकती ठेवून वरून पत्र्याचं दुसरं झाकण बसवा, मधे धुराड्याला जागा सोडून. लाकडी मूठ असेल तर ती उंचावून घ्या. झाकण जड होतं, म्हणून दोन बाजूंना दोन मुठी हव्यात.

सहावी पायरी हवेची. खालच्या झडपेचं तोंड वाऱ्याकडे कधीच नको. नेमकं विरुद्ध बाजूलाही नको, कारण पिंपाच्या पाठीमागे वारा ओढ निर्माण करतो आणि कधीकधी धूर खालच्या झडपेतून उलटा बाहेर येतो. तोंड वाऱ्याला आडवं, म्हणजे डावी-उजवीकडे ठेवावं. वारा दिशा बदलत असेल तर झडपेला लोखंडी नळाचा काटकोनी बेंड लावून त्याचं तोंड खाली जमिनीकडे करा. धुराड्यावर पत्र्याची छत्री बसवा, म्हणजे वारा धूर आत दाबणार नाही.

हवा कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. वरचं धुराडं बव्हंशी उघडंच ठेवा. ऊब राखायची म्हणून वरचं भोक बंद करणं ही नेहमीची चूक आहे. त्याने धूर आत कोंडतो आणि अन्नावर काळा, चिकट, कडवट थर बसतो. धूर पांढराफटक, दाट दिसला तर काहीतरी बिघडलं आहे. विरळ, निळसर दिसला तर सगळं ठीक आहे.

सातवी पायरी कोळशाची. आपल्या भागात बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा कोळसा चांगला मिळतो. हिवाळ्यात तो उघड्या पोत्यात गच्चीवर ठेवला तर दवाने ओलावतो. ओला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि स्वतःला वाळवण्यातच अर्धी धग घालवतो. झाकणाच्या डब्यात ठेवा.

सगळा कोळसा एकदम पेटवू नका. टोपलीत न पेटलेला कोळसा भरा, मधे खळगा करा, आणि वेगळ्या शेगडीत लाल केलेले आठ-दहा निखारे त्या खळग्यात ठेवा. आग मधून बाहेर सावकाश सरकत जाते आणि तासन्‌तास चालते. गुंडाळलेल्या भट्टीत कोळसा आधीपेक्षा कमी लागतो. जुन्या सवयीने तेवढाच कोळसा एकदम पेटवला तर काटा १६०-१७० वर जाईल, आणि गुंडाळलेलं पिंप लवकर थंड होत नाही. म्हणून १२० हवे असतील तर काटा १०० ला पोचताच खालची झडप कमी करायला लागा. पुढची पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावू नका. झडपेचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि धीर न धरता पुन्हापुन्हा फिरवली की भट्टी पुन्हा नाचू लागते.

ओलाव्यासाठी आत पाण्याचं भांडं ठेवत असाल तर हिवाळ्यात त्यात नळाचं गार पाणी ओतू नका. एक लिटर पाणी १५ अंशांपासून उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण सव्वासहाशे किलोकॅलरी लागतात. कोळशाची सगळी उष्णता कामी आली असं धरलं तरी यात नव्वद ग्रॅम कोळसा जातो. पाणी उकळतं करून ओता. नुसती ऊब स्थिर ठेवायची असेल तर पाण्याऐवजी त्या भांड्यात स्वच्छ कोरडी वाळू भरून वर फॉइल लावा. वाऱ्याच्या झुळकीने आच हलली तरी तापलेली वाळू तेवढी कसर भरून काढते.

धुराच्या वासासाठी लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. जालन्याला मोसंबीच्या बागा आहेत, आणि मोसंबीच्या वाळलेल्या फांदीचा धूर सौम्य, गोडसर लागतो; कोंबडीला आणि पनीरला तर फारच छान. फक्त खोडाचं लाकूड घेऊ नका. खोडांना रोगापासून बचावासाठी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावलेला असतो. छाटणीत निघालेल्या वरच्या फांद्या, नुकतीच फवारणी झालेली नाही असं शेतकऱ्याला विचारून घ्या आणि सहा महिने वाळवा. कडुनिंबाचं लाकूड टाळा, धूर कडू होतो. रंगवलेल्या फर्निचरचे आणि प्लायचे तुकडे तर अजिबात नकोत.

आठवी पायरी अन्न ठेवण्याची. भट्टी १२० ला येऊन वीस मिनिटं तिथे टिकली की मगच अन्न आत. थंडीत हा धीर जास्त लागतो. अर्धवट तापलेल्या भट्टीत ठेवलेलं मांस ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतं, आणि जंतू वाढायला तोच पट्टा पोषक असतो. झाकणातलं थर्मामीटर झाकणाची हवा सांगतं, जाळीवरची नाही. दोन्हींत वीस-तीस अंशांचाही फरक पडू शकतो. दुसरं थर्मामीटर जाळीपाशी ठेवा आणि एक सुई मांसात खुपसून बघण्यासाठी हाताशी असू द्या. कोंबडी आतून, हाडाजवळ, ७४ अंशांना पोचली की शिजली. घड्याळावर जाऊ नका. तीच कोंबडी मे महिन्यात आणि जानेवारीत वेगवेगळा वेळ घेते.

शिजत असताना झाकण उघडून बघायची इच्छा पाहुण्यांना फार होते. दर वेळी उघडल्यावर आतली गरम हवा एका दमात निघून जाते, निखाऱ्यांना भरपूर हवा मिळून ते फुलतात, आणि झाकण लावल्यावर काटा आधी खाली आणि मग नको तितका वर जातो. तासाभरातून एकदा, तेही वारा पडलेला असताना उघडा.

काम संपलं की खालची झडप आणि धुराडं दोन्ही पूर्ण बंद करा. नीट बुजवलेल्या भट्टीत हवा न मिळाल्याने निखारे दीड-दोन तासांत विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. तसं झालं नाही, सकाळी टोपलीत नुसती राख उरली, तर कुठेतरी फट राहिली आहे. खडू आणि टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारा.

राख दुसऱ्या दिवशीही वरून गार आणि आतून गरम असते. ती प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. गाडीतला कचरा पेटतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवा, मग कुंड्यांत थोडी थोडी मिसळा किंवा चाळून पिंपाभोवतीच्या आवरणात भर घालायला ठेवून द्या. पावसाळ्याआधी सगळी राख काढून पिंप आतून कोरडं करा, तेलाचा हात फिरवा, दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवा आणि अख्खी भट्टी शेडखाली हलवा.